मुलांचा कागदी मुकुट
(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी दोन शब्द बोलावे असा आग्रह झाला, तेव्हा चिटणीसबाईंनी मला ‘स्त्री आणि समाज’ हा विषय सुचवला होता. मी त्यांना म्हटले, तो विषय पेलणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. मी आपली कागदी मुकुटाविषयी बोलेन. त्या हसल्या. तुम्हीही हसलात तरी चालेल. पण मला तुमच्याकडे एक मागणे मागायचे आहे, आणि ते मागण्याआधी माझी एक चूक कबूल करायची आहे. दोन्ही गोष्टी त्या मुकुटातच आहेत, म्हणून थोडा वेळ घेते.

आपल्याकडच्या मुलाला मुकुट प्रथम कोठे दिसतो, याचा कधी विचार केला आहे का? राजाच्या डोक्यावर नव्हे, राजे गेले. बालाजीच्या देवळात दिसतो, गणपतीच्या दिवसांत दिसतो, हे खरे. पण अगदी जवळून, हात लावता येईल असा मुकुट आपल्या खेड्यापाड्यांतले मूल पाहते तो बैलाच्या कपाळावर. पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन, शिंगे रंगवून, त्यांना बेगड लावून, पाठीवर झूल आणि कपाळाला बाशिंग बांधून गडी त्याला तोरणाखाली नेतो. घरातले मूल कडेवरून ते सगळे पाहत असते. मग लग्नसराईत तेच बाशिंग नवरदेवाच्या कपाळावर दिसते. आमच्या सासूबाई म्हणत, मानेवर जू ठेवायचे असले म्हणजे आधी कपाळाला बाशिंग बांधतात, मग तो बैल असो की नवरा. त्यांचे बोलणे असे असे. पुरुषमंडळी ओसरीवर बसलेली असली तरी त्या आवाज खाली घेत नसत.

बाशिंगाची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या गावाविषयी दोन वाक्ये बोलते. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी इथे होती. १९३९ साली विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशीमला सापडला आणि या शाखेचा इतिहास उजेडात आला. या घराण्याचा सर्वसेन राजा स्वतः प्राकृतात काव्य लिहिणारा होता. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात याच घराण्यात हरिषेण झाला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात त्याच्या वराहदेव नावाच्या प्रधानाचा लेख आहे, आणि पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी आहे. तेही लेणे हरिषेणाच्याच काळातले असे बरेच अभ्यासक मानतात. ज्यांनी अजिंठा पाहिला नसेल त्यांनी एखाद्या दिनदर्शिकेवर तरी त्या पद्मपाणीचे चित्र पाहिले असेल. डोळे खाली झुकलेले, आणि डोक्यावर तो उंच, नक्षीचा मुकुट. मी मुलांना ते चित्र दाखवते आणि सांगते, आपल्या गावात राजधानी होती त्या वेळच्या चित्रकाराने हा मुकुट काढला आहे. मुलांना शतक कळत नाही, पण ‘आपल्या गावात’ हे बरोबर कळते. पुढे राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले तेही या वत्सगुल्मातच. म्हणजे बाशिंगे बांधण्याची आपल्या गावाची रीत बरीच जुनी म्हणायची!

आता मुकुट कसा करायचा ते सांगते. यात शिकण्यासारखे काय आहे, असे तरुण सुनांना वाटेल. बाजारात दहा-वीस रुपयांना चकाकता मुकुट मिळतो. तो मिळतो, आणि संध्याकाळपर्यंत मोडतो. पण तो मोडतो ही माझी तक्रार नाही. तो मुलाच्या डोक्यावर येतो, मुलाच्या हातातून जात नाही, ही तक्रार आहे.

आधी डोक्याचे माप. एक सुतळी घ्यावी आणि मुलाच्या कपाळावरून, कानांच्या वरून मागे नेऊन मापावी. चार-पाच वर्षांच्या मुलाचे डोके साधारण वीस इंच भरते. हे माप मुलालाच दुसऱ्या मुलाचे घेऊ द्यावे. सुतळी कोणाची लांब, कोणाची आखूड, यात त्यांचा अर्धा तास आनंदात जातो. आजीचे डोके मापल्याशिवाय तर कोणी उठतच नाही. मापापेक्षा दोन इंच लांब आणि चार बोटे रुंद अशी पट्टी घ्यावी. पुठ्ठा विकत आणू नये. शर्टाच्या घडीतला पुठ्ठा, साडीच्या खोक्याचे झाकण, जुन्या लग्नपत्रिका, भिंतीवरची गेल्या वर्षीची दिनदर्शिका, हे सगळे आपल्या घरात पडलेले असते. पट्टी आखूड पडली तर दोन तुकडे जोडावे. मिठाईचे खोके मात्र घेऊ नये; त्याला तूप लागलेले असते आणि तुपाला खळ धरत नाही.

पट्टीची टोके जोडायला टाचणी किंवा पिन नको. पिनेचे टोक आत राहिले की कपाळ ओरखडते. त्याऐवजी एका टोकाला वरून निम्म्यापर्यंत चीर द्यावी आणि दुसऱ्या टोकाला खालून निम्म्यापर्यंत. दोन्ही चिरा एकमेकींत अडकवल्या की वळे तयार होते, आणि हवे तेव्हा सुटतेही. लहान भावाला घालायचा असला तर चीर थोडी आत घ्यायची. हनुवटीखाली दोरा किंवा रबर कधीही बांधू नये. मुले धावतात, खिडकीच्या गजाला, झाडाच्या फांदीला मुकुट अडकतो. तो डोक्यावरून पडला पाहिजे, गळ्याशी आवळला जाता कामा नये.

आता टोके. जाड पुठ्ठ्याच्या अनेक घड्या मुलाला कापवत नाहीत, म्हणून ही गंमत वर्तमानपत्राच्या कागदाची करावी. पट्टीएवढा कागद घेऊन तो तीन वेळा निम्मा दुमडायचा, म्हणजे आठ पदर होतात. मग मुलाला बोथट कात्री देऊन वरच्या कोपऱ्यातून एकच तिरका काप द्यायला सांगायचे, आणि उलगडायला लावायचे. काप एक आणि टोके चार! मूल तुमच्याकडे असे पाहते की तुम्ही काही जादू केली. मग ते गोल कापून बघते, तेव्हा पाकळ्या निघतात. मधेच एक छोटा त्रिकोण काढला तर खिडक्या निघतात. त्या वेळी ‘असे काप, तसे काप’ म्हणू नये. मी म्हणत असे. ते पुढे सांगतेच. हा कापलेला कागद पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवला की मुकुट उभा राहतो.

तीन वर्षांच्या मुलाला कात्री नको. त्याने कागद फाडावा. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि आडवे फाडले तर वाकडेतिकडे फाटते, हे त्याला स्वतःलाच सापडते. ते सापडल्यावर तो घरातला सगळा कागद फाडून खात्री करून घेतो, त्याला इलाज नाही. आजचा पेपर घरच्यांनी वाचला आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.

खळ घरीच करावी. दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. चकाकी आली की उतरवावी. आपल्यापैकी कित्येकींच्या माहेरी खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. मुलांच्या खळीत तो अजिबात घालू नका. ते विष आहे, आणि मुलांची बोटे तोंडात जातात. खळ दोन दिवसांत आंबली तर फेकून द्यावी, मैद्याचा खर्च तो काय! टिकल्या, मणी, चमकीची भुकटी हेही अगदी लहानांपासून दूर ठेवावे. नाकात गेलेला मणी काढायला डॉक्टरकडे धावावे लागते.

रंगाला घरात काय कमी? फाल्गुनात पळसाची फुले उकळली की केशरी पाणी मिळते. बिटाचे गुलाबी पाणी आहे, हळद आहे. हळदीचा एक खेळ सांगते. हळदीच्या पाण्याने कागद पिवळा करून वाळवावा. मग वाटीत खाण्याचा सोडा कालवून मुलाला त्यात बोट बुडवून रेघ ओढू द्यावी. रेघ तांबडी उमटते! त्यावर लिंबू फिरवले की पुन्हा पिवळी. आपण चुना आणि हळदीचे कुंकू ऐकून आहोत, त्यातलाच हा प्रकार. पण चुना डोळ्यांत जाईल, म्हणून सोडा बरा. चहाच्या पुड्यातली चांदी तर मुलांची फारच आवडती. पूर्वी आम्ही ज्वारीच्या धांड्याची साल काढून आतल्या भेंडाचे तुकडे ओवत असू, त्याचाही मुकुट होई, आणि भुलाबाईचे मखरही त्या धांड्यांचेच. आता शिवारात सगळे सोयाबीन. भुलाबाईच्या मखराला धांडे शोधत फिरावे लागते.

हे सारे मला कोणी शिकवले असे नाही. पण एका बाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे आपल्या वऱ्हाडातच, अमरावतीला राहिल्या होत्या. पुढे त्या गिजुभाई बधेकांकडे भावनगरला गेल्या, १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. महागडी साधने परवडत नाहीत तेव्हा बिया, पाने, शंख, माती यांचीच साधने करायची, हे त्या दोघींनी करून दाखवले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. आज गावोगाव अंगणवाडी दिसते. देशातली ती योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ ठिकाणी सुरू झाली. पण अंगणात मुले जमवून बसण्याची वाट या बायांनी त्याच्या कितीतरी आधी पाडून ठेवली होती.

आता माझी चूक.

दोन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याला एके ठिकाणी मुलांची वेशभूषा स्पर्धा होती. माझी नात तेव्हा साडेपाच वर्षांची. तिला विचारले, तू काय होणार? मला वाटले राधा म्हणेल, नाहीतर जिजाऊ. सिंदखेडराजा आपल्यापासून लांब नाही. आपल्या मुली जिजाऊंची गोष्ट ऐकतच मोठ्या होतात. ती म्हणाली, “मी बैलायचा राजा होतो.” राजा, राणी नव्हे; आणि तोही बैलांचा. मी म्हटले, बरे. तिने दोन दिवस बसून स्वतः मुकुट केला. पट्टी तिने कापली, ती एका बाजूला रुंद आणि एका बाजूला अरुंद झाली. चहाची चांदी लावली, ती अर्ध्यावर संपली, म्हणून उरलेल्या अर्ध्यावर हळद फासली. आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची दोन शिंगे चिकटवली, एक निळे, एक लाल. मुकुट काही वेळ डाव्या कानावर कलायचा. ती मान थोडी उजवीकडे घेऊन चालायची, म्हणजे तो सरळ दिसे.

आदल्या रात्री ती झोपल्यावर मी तो मुकुट हातात घेतला. दुसऱ्या दिवशी तेथे कोण कोण येणार हे मला माहीत होते. कोणाची नात भाड्याच्या पोशाखात येणार, कोणी अकोल्याहून दागिने आणले आहेत, हेही कानावर आले होते. मुलीच्या डोक्यावर शिंगे पाहून लोक मला हसतील असे वाटले. तिला हसतील असे नव्हे, मला. मी कात्री घेतली. पट्टी सारखी केली. शिंगे काढली. सोनेरी कागद लावला, कडेने जुन्या शालूची जर शिवली, मधे एक खडा बसवला. रात्रीचे बारा वाजले. खरे सांगते, काम सुरेख झाले होते.

सकाळी तिने पाहिला. रडली नाही, ओरडली नाही. हात मागे घेऊन म्हणाली, “आजी वं, आता थो माहा नाही राह्यला.” मी समजूत घातली, बघ किती छान दिसतो. तिने तो घातला, स्पर्धेत उभी राहिली, आणि तिला दुसरे बक्षीस मिळाले, डबा मिळाला. घरी आल्यावर तो डबा तिने माझ्या मांडीवर ठेवला. “हा घे. तुह्या मुकुटाले भेटला.”

मैत्रिणींनो, मी चार मुले वाढवली. मुलांनी मला उलट उत्तरे दिली, पण इतके सरळ उत्तर कोणी दिले नव्हते. संध्याकाळी अंथरूण घालताना तिच्या उशीखाली ती दोन शिंगे मिळाली. केराच्या टोपलीतून तिने केव्हा काढली होती, कोणास ठाऊक. मी ती होती तशी ठेवली. डबा अजून माझ्या फडताळात आहे. तिने तो एकदाही शाळेत नेला नाही.

त्यानंतर मी आमच्या ओट्यावर सुटीत मुले जमवू लागले. माझा नियम एकच: मी खळ शिजवायची, कागद द्यायचा आणि सुपारी कातरत बसायचे, म्हणजे हात गुंतलेले राहतात. पहिल्या दिवशी सात मुले आली. एकाने तीन मजली मुकुट केला, तो त्याला दाराच्या चौकटीतून नेता येईना. एका मुलीने पुढच्या बाजूला भोक ठेवले. कशाला, तर ‘डोक्याले हवा लागाले’. एकाने आपल्या शेळीचे डोके मापून नेले. सातही मुकुट झाल्यावर मोठे भांडण झाले, कारण सातही राजे झाले आणि प्रजा कोणीच होईना. मी मध्ये पडणार होते, पण तोंडात सुपारी होती. त्यांनी थोडी चर्चा केली आणि आमच्या घरच्यांना, ते आरामखुर्चीत पेपर वाचत होते, प्रजा नेमले. पहिला हुकूम निघाला की प्रजेने सात गोळ्या आणाव्या. प्रजेने निमूटपणे चप्पल घातली.

हे सोंग म्हणजे नुसता वेळ घालवणे, असे कोणी म्हणेल. मला वाटते, मूल डोक्यावर मुकुट ठेवते तेव्हा ते दुसऱ्या कोणाचे तरी होऊन पाहत असते, आणि तिथे आपण बोलवायचे नसते. रंगमंचावरचे नाटक निराळे. मुंबईत १९५९ साली सुधा करमरकरांनी मुलांसाठी रंगभूमी उभी केली. त्या राजाचा मुकुट कसबी माणसानेच करावा, कारण समोर प्रेक्षक आहेत. अंगणातल्या राजाला प्रेक्षक नको असतात. आपण प्रेक्षक आणतो, वर परीक्षकही बसवतो.

म्हणून माझे मागणे. यंदा आपल्या मंडळाच्या तान्ह्या पोळ्याच्या कार्यक्रमात वेशभूषेला क्रमांक देऊ नयेत, आणि तयार पोशाख आणू नयेत. मुलांनी तेथेच, मांडवात बसून, आपापला मुकुट करावा. कार्यकारिणीत हे बोलले तेव्हा दोघी-तिघींना पटले नाही. बक्षीस नसेल तर मुले येणार नाहीत, असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पहिल्या वर्षी कदाचित कमी येतील. पण दुसरी बाजूही पाहा. आमच्या शेजारी मजुरीला जाणारी एक बाई आहे. मागच्या वर्षी तिच्या मुलाला का आणले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, “बाई, कृष्णाचा डरेस भाड्यानं आणाले पैशे नव्हते. मंग काहून आणू त्याले, दुसऱ्यायचे पाहाले?” तिच्या मुलाच्या हातात नंदी होता, चांगला सजवलेला. तो गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि परत गेला. आपण त्याला येऊ नको म्हटले नव्हते, मैत्रिणींनो. पण ये असेही आपण कोठे म्हटले होते?

ज्यांना शिवाजीमहाराज व्हायचे असेल त्यांच्यासाठी जिरेटोपाचा नमुना मी वर्तमानपत्रात कापून ठेवला आहे; मुले महाराजांनाही मुकुट घालतात, ते जरा सांगून पाहावे, ऐकले नाही तर सोडून द्यावे. प्रत्येकीने येताना घरातल्या जुन्या पत्रिका, पुठ्ठे, चहाची चांदी आणि असली तर एखादी बोथट कात्री आणावी. धारदार कात्र्या नकोत. आया आणि आज्या यांनी बसायला सतरंजी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला घालू. तिथून दिसेल, पण हात पोहोचणार नाही. चहा तिथेच मिळेल. त्या शेजारच्या बाईंकडे मी स्वतः जाऊन सांगणार आहे; तुमच्याही गल्लीत असे कोणी असेल तर आजच सांगा, ऐनवेळी सांगितले की रोज बुडतो.

आता नात साडेसात वर्षांची आहे. लहान मुलांना शिंगे कशी चिकटवायची ते ती दाखवणार आहे; शिंगाच्या बुडाला दोन चिरा देऊन पाय फाकवायचे, मग ते उभे राहते, हे तिने आपणच शोधून काढले. मी विचारले, माझे काय काम? तर म्हणाली, “तू खळ आण. कात्रीले हात लावजो नको.” तेव्हा खळ मी पातेलेभर शिजवून आणीन, कोणाकडे मोठे झाकण असले तर तेवढे घेऊन यावे.